पाटीच्या पेन्सिलीचे डोहाळे

मला दिवस गेले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना एकदम बाळाच्या रंगाची काळजी लागली. माझ्या तब्येतीचा नंबर बराच खाली होता, आणि ते बरोबरच होतं म्हणा. माल महत्त्वाचा, डब्याकडे कोण बघतो?

आमचं घर बीडकडून येताना वडवणीच्या अलीकडच्या एका गावात. भोवती आमचंच काळं रान आणि घरातली माणसंही त्याच रानाच्या रंगाची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामा एकेकाळचे पंचायत समितीचे सदस्य. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत त्यांचं तिकीट नक्की असतं आणि आदल्या आठवड्यात दुसऱ्याला मिळतं. त्यामुळे घरात कायम माणसं आणि चुलीवर कायम चहा. नवऱ्याचं वडवणीत खत-औषधांचं दुकान. मी शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर. स्कूटीवरून जायचे, यायचे.

बातमी कळली त्याच संध्याकाळी आत्यांनी केशराची डबी आणवली. त्यांच्या माहेरच्या कुणा बाईने नऊ महिने केशराचं दूध पिऊन दुधासारखी नात मिळवली होती. ती नात मी नंतर एका लग्नात पाहिली. दुधासारखीच आहे, फक्त चहापत्ती टाकल्यानंतरच्या.

सरकारी दवाखान्यातून मला लाल गोळ्या मिळाल्या होत्या, रक्तवाढीच्या. आत्यांनी त्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या आणि देवाच्या फळीवर, तसबिरीच्या मागे ठेवून दिल्या. ह्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. कोवळ्या, अडाणी पोरीला समजवावं तसं सांगितलं. मी विज्ञानाची पदवीधर. पण पदवी कपाटात असते आणि सासू समोर असते. मी हो म्हणाले. देवांचं रक्त तेवढं वाढत राहिलं.

मग काय खायचं नाही ते ठरलं. पपई, वांगं, तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, येसर मसाल्याची आमटी हे सगळं उष्ण. केळं, दही, काकडी थंड, त्यानं पोटातल्या बाळाला सर्दी होते. पालेभाजीनं वारा धरतो. हुलगे तर नावच काढायचं नाही. एवढं सगळं वजा केल्यावर दूध, भात, तूप आणि चहा उरला. चहावर कुणाचाच आक्षेप नव्हता, कारण तो मामांच्या माणसांसाठी होतच असायचा आणि त्यातला कपभर मला प्रत्येक जेवणावर मिळायचा. चहा म्हणजे आमच्या घरात आहार नाही, हवा आहे.

नवरा मात्र आधुनिक होता. त्याने मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते एखाद्या फळाच्या मापात सांगायचं. एकदा दुकानातून फोन करून तो म्हणाला, बाळ ॲव्होकॅडोएवढं झालं. वडवणीच्या आठवडी बाजारात कुणी ॲव्होकॅडो पाहिलेलं नाही. ते केवढं असतं, असं मी विचारलं. त्याने शोधून सांगितलं की मोठ्या पेरूएवढं. मग पेरूच म्हणायचं होतं की, असं मी म्हणाले. तो थोडा नाराज झाला. आपलं बाळ पेरूवर थांबावं असं त्याला वाटत नसावं.

त्यातच शाळेत पोषण महिना आला. गावातल्या बायांना आहाराची माहिती द्यायची होती आणि ते काम मोठ्या गुरुजींनी माझ्यावर सोपवलं. ह्या विषयाला माझ्याइतकं शोभणारं शाळेत दुसरं कुणी नव्हतं. मी पालक, शेवगा, मोड आलेली मटकी मांडून रांगोळी काढली. लोह कशात असतं ते सांगितलं, गोळी चुकवू नका म्हणून बजावलं, गोळीवर चहा पिऊ नका हेही सांगितलं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "बाई, तुमी काय खाता?" मी म्हणाले, सगळं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

डोहाळे सुरू झाले ते त्याच सुमारास. पहिलीच्या वर्गात अजून पाट्या आहेत. ओलं फडकं आणा असं मी कितीही सांगितलं तरी मुलं पाटी थुंकीनेच पुसतात. त्या दिवशी एक मुलगी मात्र खरंच ओलं फडकं घेऊन आली. तिने पाटी पुसून माझ्यापुढे धरली आणि त्या ओल्या पाटीचा वास माझ्या नाकात गेला. मला एकदम तोंडाला पाणी सुटलं. कैरी पाहून सुटतं त्याच्या कितीतरी पट. हातात पेन्सिलीचा तुकडा होता. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तो दाढेखाली धरला.

त्याची चव मी कुणाला सांगू शकणार नाही. नुकत्याच सारवलेल्या भिंतीला दात लावल्यासारखी काहीतरी. करकर आवाज, मग गार पीठ, मग जिवाला अशी शांती की केशराच्या सगळ्या डब्या तिच्यापुढे फिक्या. मागे मुलं 'ग' गिरवत होती.

मुलांच्या पेन्सिली मी खाल्ल्या नाहीत, हे इथे सांगून ठेवते. मी बाजारातून घ्यायचे. वडवणीच्या बाजारात शालेय वस्तू विकणारा एक म्हातारा बसतो. त्याच्याकडून आधी एक पुडा, मग दोन, मग दर बाजाराला जास्तच. मुलांसाठी स्वतःच्या पदरचं खर्चणारी बाई म्हणून तो मला मान द्यायला लागला. वर एखादी पेन्सिल फुकट टाकायचा. मी ती घरी पोचायच्या आत संपवायचे.

एक दिवस नवऱ्याने स्कूटीच्या डिकीत ते पुडे पाहिले. हे काय, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, वर्गातल्या मुलांसाठी. त्याला माझा फार अभिमान वाटला. इतका, की रात्री जेवताना त्याने तो मामांना सांगितला.

मामा जेवायचे थांबले. चांगली कल्पना दुसऱ्याच्या घरात असली तर ते तिला विरोध करतात. स्वतःच्या घरात असली तर ती त्यांचीच असते. डोहाळजेवण करायचंच होतं. त्याच मांडवात शाळेतल्या सगळ्या पोरांना पाट्या-पेन्सिलींचं वाटप करायचं, असं भाकरी संपायच्या आत ठरलं. दोन कार्यक्रम, एक मांडव, आणि निवडणूकही फार लांब नव्हती.

चौकात फ्लेक्स लागला. हात जोडलेले मामा उजव्या बाजूला मोठे, डाव्या बाजूला जरा लहान. खाली लिहिलं होतं, 'डोहाळजेवणानिमित्त शालेय साहित्य वाटप'. डोहाळे कुणाला लागले ते कुठेच नव्हतं. अनोळखी माणसाला वाटलं असतं, मामांनाच.

पाट्यांची आणि पेन्सिलींची खोकी बीडहून आली. धान्याच्या खोलीत उंदीर फार, म्हणून आत्यांनी ती आमच्या खोलीत रचायला लावली. तिथे ती सुरक्षित राहतील, असं त्या म्हणाल्या.

मी शक्य तेवढं सभ्यपणे वागले. वरच्या खोक्यांना हात लावला नाही. खालच्या खोक्यातले पुडे अलगद उघडायचे, रिकामे झाले की घडी मोडू न देता परत जागेवर ठेवायचे. ह्या काळात मला चालताना धाप लागायला लागली होती. शाळेच्या पायऱ्या चढले की छातीत धडधडायचं. ओठ पांढरे पडले होते. घरात सगळे खूश होते. आत्या शेजारणीला म्हणाल्या, केशर लागू पडतंय, पोरगी आताच उजळाया लागली.

डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा असं सगळं झालं. बाया एकेक घास भरवून गेल्या. मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी वाटी उघडली. बर्फी. आत्या म्हणाल्या, वाट्या ठेवताना हलल्या होत्या. परत ठेवल्या, परत उघडायला लावली. पेढा निघाला आणि बायांना आनंद झाला. फेरमतदान आमच्या घरात नवं नाही.

नंतर शाळेतली पोरं रांगेत आली आणि मामांचं भाषण झालं. शिक्षण हेच खरं अन्न, असं ते म्हणाले. मी झोपाळ्यावर बसून मनातल्या मनात दुजोरा दिला. वाटप सुरू झालं. वरची खोकी संपली, खालचं उघडलं आणि कार्यकर्त्यांच्या हातात रिकामे पुडे यायला लागले. एक, दुसरा, तिसरा. मामांनी माइक बाजूला करून तिथूनच बीडच्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याला असं काही सुनावलं की माइक बाजूला केल्याचा फारसा उपयोग झाला नाही. दुकानदार शपथा घेत होता. मामा म्हणत होते, गरिबाच्या लेकरांच्या तोंडचा घास पळवतोस.

मी उभी राहिले. खरं सांगायला उभी राहिले की नुसतीच, ते मला आजही सांगता येत नाही. उभी राहिले आणि मांडव फिरला. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी झोपाळ्यापाशी खाली होते, बाया दृष्ट लागली म्हणत होत्या आणि कुणीतरी मीठ-मिरच्या आणायला धावत होतं.

मिरच्या यायच्या आत नवऱ्याने मला गाडीत घातलं आणि बीडला नेलं. आत्या पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर केशराच्या दुधाचा थर्मास.

बीडच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली. रक्त तपासायला पाठवलं. तो कागद आला तेव्हा त्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माती खाता, का खडू?" त्यांनी विचारलं.

आत्या पुढे सरकल्या. माती कशाला खाईल, केशराचं दूध पिती रोज, बदाम खाती, आमच्या घरात कशाची कमी हाय, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"पेन्सिल," मी म्हणाले. "पाटीवरची."

बाहेर एक बाळ रडत होतं. आत्यांच्या मांडीवरचा थर्मास घसरला, तो त्यांनी सावरला.

डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सांगितलं की रक्तात लोह फार कमी झालं की शरीर असं भलतंच काही मागतं. दर आठवड्याला अशी एक तरी येते. ह्यात लाज वाटायचं कारण नाही, पण हे असंच चाललं तर बाळंतपणात बाईचं काही खरं नाही. मग त्यांनी लाल गोळ्यांचं विचारलं.

"देवाच्या फळीवर हायत," आत्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

तेव्हा इतका वेळ दाराशी उभा असलेला नवरा बोलला. तो कुणाशी बोलत होता ते कळत नव्हतं. "सोयाबीन असं पिवळं पडलं असतं तर मी त्याच दिवशी लोहाचं फेरस मारायला सांगितलं असतं," तो म्हणाला. "रोज सांगतो लोकांना. पानाकडं बघा म्हणतो." मग तो खिडकीकडे बघत राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण हसू आलं आणि त्यामागोमाग रडू.

लोह सलाइनमधून द्यायचं ठरलं. निघताना आत्यांनी धीर करून विचारलं, ह्यानं लेकरू काळं तर होणार न्हाई ना? डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्या घरात गोरं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. आत्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"एक गाय हाय," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर रिकाम्या पुड्यांचं आत्यांनीच मामांना सांगितलं. मामा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. माझ्याशी ते ह्या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात कळलं की माल वाहतुकीत गहाळ झाला होता. राहिलेल्या पोरांना मामांनी पेन्सिली पाठवल्या, ह्या वेळी फोटो न काढता. दुकानदाराची माफी वगैरे कुणी मागितली नाही. ती आमच्याकडे पद्धत नाही.

सलाइनसाठी बीडच्या खेपा झाल्या. काही दिवसांनी शाळेत एका मुलाने ओली पाटी माझ्यापुढे धरली, तर मला काहीच वाटलं नाही. नुसती पाटी. त्यावर 'घ' चुकलेला होता. इतक्या दिवसांत तो कुणीच बरोबर काढत नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

घरात क्रांती झाली, म्हणजे हुकूमशाही तीच राहिली, फक्त हुकूम बदलले. गोळी देण्याचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं. लिंबूपाण्याबरोबर गोळी, समोर उभं राहून, गिळली का ते तोंड उघडून दाखवायचं. जेवणावरचा चहा बंद. बाजरीची भाकरी परत आली, शेवग्याची भाजी आली, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आलं, आणि हे सगळं उष्ण आहे असं पूर्वी कुणी म्हटलं होतं, हे कुणालाच आठवेना.

बाळंतपण माहेरी, तलवाड्याला. मुलगी झाली, जराशी किरकोळ, पण आवाज खणखणीत. मामा आणि आत्या बघायला आले. कानाच्या पाळीवरून पुढचा रंग कळतो म्हणतात, म्हणून आत्यांनी टोपडं सरकवून आधी कान पाहिले. एक पाहिला, मग दुसरा पाहिला. मग टोपडं परत नीट बांधलं आणि म्हणाल्या, नाक तेवढं आमचं हाय.

सासरी परत आले तेव्हा आत्या बाळगुटीची तयारी करून बसल्या होत्या. सहाण, मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंब द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं आणि ह्या वेळी मी नाही म्हणाले. मोठ्याने नाही म्हणाले. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, उगाळलेल्या वाटीकडे पाहिलं. अन्न टाकणं त्यांना जमत नाही. ती वाटी त्यांनी मामांना नेऊन दिली. पुढेही त्या रोज सवयीने उगाळत आणि मामा रोज मुकाट्याने पीत. नातीचं पोट उत्तम होतंच, मामांचंही फार सुधारलं.

सहा महिन्यांनी उष्टावण झालं. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. मुलीने ती जिभेने बाहेर ढकलली, तीही मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. नंतर दुपारी आत्या भाकरी कुस्करून आमटीत भिजवत होत्या, तर ती त्यांच्या ताटाकडे सरपटत गेली आणि आ करून बसली. त्या दिवसापासून तिचा आहार तिनेच ठरवला. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

नवऱ्याच्या ॲपने आता नवं काम काढलं होतं. बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं ते ते सांगायचं. ह्या आठवड्यात बाळ टाटा करेल, असं आलं की नवरा दुकानाला जाताना दारात उभा राहून हात हलवत बसायचा. मुलगी त्याच्याकडे शांतपणे बघत राहायची. एकदा गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला तरी तो हलवतच होता.

मी शाळेत असायचे तेव्हा ती आत्यांपाशी. आत्यांनी कुठलं ॲप पाहिलं नव्हतं. त्या तिला कडेवर घेऊन दिवसभर बोलायच्या. ही शेळी, हिला आज चारा कमी टाकलाय. हा तुझा आजा, बसलाय बघ चावडी भरवून. ही भेंडी, ही किडकी, फेकून दे. कांदा चिरतानाही बोलायच्या, माझ्याविषयीही बोलायच्या, मी ऐकू शकेन एवढ्या आवाजात. लस द्यायला बीडला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुलीपुढे खुळखुळा धरला, काही शब्द विचारले आणि दिवसभर हिच्याशी कोण बोलतं म्हणून विचारलं. ह्याच वयात ऐकलेलं बोलणं पोराला दुधाइतकंच लागतं, असं त्या म्हणाल्या. परत येताना गाडीत आत्यांनी ही गोष्ट मला अशी सांगितली, जणू मी तिथे नव्हतेच. आणि मला मान्य करावं लागलं, की ह्या बाबतीत घरात त्यांच्याइतकं काम कुणी केलं नव्हतं.

मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आतच घडाघडा बोलायला लागली. मागच्या महिन्यात मामांकडे तालुक्याची मंडळी आली होती. तिकिटाचं चाललं होतं. चहाचा दुसरा फेरा झाला, तिसरा मागवला. मुलगी ओसरीवर गेली, कमरेवर हात ठेवून सगळ्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काम न्हाई, धंदा न्हाई, आले चहा प्यायला."

मामांनी दाराकडे पाहिलं. दारात आत्या ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आई मास्तरीण हाय ना तिची. शाळेतलं शिकून येती कायबाय."